अमरावतीत खोली घ्यायची तर आधी तिथली रात्र बघा

प्रश्न थोडक्यात असा: घर दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात. धाकटा भाऊ नांदगाव पेठच्या एमआयडीसीत कामाला लागतोय, पाळी दर आठवड्याला बदलणार. बहिणीला अमरावतीत बीएस्सीला प्रवेश मिळालाय. दोघांनी मिळून खोली कुठे घ्यावी, शहर रात्री कितीपर्यंत जागं असतं, फिरायला-खायला काय आहे आणि रोजच्या राहण्यात कुठे अडतं?

अमरावती रात्री साडेदहा-अकराला मिटणारं शहर आहे. कारखान्यातल्या पाळ्या साधारण सात-तीन, तीन-अकरा आणि अकरा-सात अशा असतात. म्हणजे दुसरी पाळी सुटते तेव्हाच शहर बंद होतं. मेस नऊ-साडेनऊला आवरलेली, सीटवर चालणारे ऑटो संपलेले, घरमालकाच्या फाटकाला कुलूप. गावातून आलेली बहुतेक माणसं खोली रविवारी दुपारी बघतात आणि भाडं, संडास-बाथरूम, रंग एवढं पाहून ठरवतात. ज्या गोष्टींवर पुढे वर्षभर त्रास होतो त्या दुपारी दिसतच नाहीत. म्हणून एक चक्कर रात्री दहानंतर करा आणि एक नळ येण्याच्या वेळी. या दोन चकरा केल्याशिवाय अॅडव्हान्स देऊ नका.

भाग आधी ठरवू. नांदगाव पेठ शहराबाहेर नागपूर रोडवर आहे. भावाला तिकडे जायचं आणि बहिणीला कॉलेज, म्हणून पंचवटी, गाडगेनगर, शेगाव नाका, राठी नगर, अर्जुन नगर ते राहटगाव हा पट्टा तुमच्या सोयीचा. कॉलेज कठोरा नाका किंवा व्हीएमव्ही रोडकडे असेल तर तेही जवळ पडतं. साईनगर, बडनेरा रोड हे भाग राहायला चांगले, पण ते शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिथे खोली स्वस्त मिळाली तरी हिशेब करून बघा. एका खोलीपासून कारखाना ८ किलोमीटर आणि दुसरीपासून १८ किलोमीटर असेल, तर जाऊन-येऊन रोज २० किलोमीटर जास्त, महिन्याचे २६ दिवस धरले तर ५२० किलोमीटर. ४५ च्या अॅव्हरेजने साडेअकरा लिटर पेट्रोल, म्हणजे बाराशे रुपयांच्या आसपास. भाड्यातला फरक त्याहून कमी असेल तर लांबची खोली महागच पडली, आणि अकरा वाजता शहर ओलांडून येणं वेगळंच. कंपनीची बस असेल तर ती नेमकी कोणत्या चौकात उतरवते ते विचारा आणि त्या चौकापासून पायी पंधरा मिनिटांच्या आतली खोली शोधा.

आता पाणी. दर्यापूर म्हणजे खारपाणपट्टा, जिथे जमिनीतलं पाणीच खारट. तिथल्या माणसाला पाण्याची किंमत सांगायला नको, पण शहरातली अडचण वेगळ्या जातीची आहे. अमरावतीला पाणी येतं ते मोर्शीजवळच्या सिंभोऱ्याच्या ऊर्ध्व वर्धा धरणातून, आणि ते देतं महाराष्ट्र जीवन प्राधिकरण. पाणी गोड आहे, धरणही मोठं आहे. अडतं ते वाटपात. बऱ्याच भागांत नळ एक दिवसाआड येतो, ठरलेल्या वेळी येतो आणि थोडाच वेळ असतो. मोठी जलवाहिनी फुटली किंवा वीज गेली की नळाची एखादी पाळी चुकते, आणि मग सलग तीन-चार दिवस साठवणुकीवर काढावे लागतात.

म्हणून घरमालकाला "पाणी आहे का?" असं विचारू नका, उत्तर नेहमी "भरपूर आहे" असंच येतं. विचारायचं ते असं: नळ कोणत्या दिवशी, किती वाजता आणि किती वेळ येतो? खाली हौद आहे का, किती लिटरचा? मोटर कोण चालू करतं? वरची टाकी किती खोल्यांत वाटलेली आहे? दोन माणसांना अंघोळ, कपडे, भांडी, संडास धरून दिवसाला साधारण २०० लिटर लागतात. उन्हाळ्यात मोठा कूलर दहा तासांत साठ-सत्तर लिटर सहज पितो. दोन दिवसांचे झाले साडेपाचशेच्या जवळ. तुमच्या खोलीच्या वाट्याला एवढी साठवण हवीच, आणि वर २०० लिटरचा झाकणाचा ड्रम स्वतःचा ठेवा. एक हजाराची टाकी आणि चार खोल्या असं असेल तर एप्रिलपासून भांडणं ठरलेली.

हौद नसेल आणि नळाचं पाणी थेट वर चढत असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर दाब पुरत नाही. मग कुणीतरी नळाला टिल्लू पंप लावतो, त्याचं बघून शेजारी लावतो, आणि शेवटच्या घराला पाणी मिळतच नाही. टिल्लू लावणं बेकायदेशीर आहे, प्राधिकरण तो जप्तही करतं. त्याहून वाईट म्हणजे रिकाम्या नळातून ओढताना फुटक्या जोडातून गटाराचं पाणी आत येतं. पावसाच्या सुरुवातीला गढूळ पाणी आणि पोटाची दुखणी एकाच गल्लीत दिसतात त्याचं एक कारण हेच. पाणी आल्यावर पहिली पाच मिनिटं वापराच्या बादलीत सोडा, प्यायचं नंतर भरा.

भाऊ पाळीत असणार आणि बहीण कॉलेजात, म्हणजे नळाच्या वेळी घरी कुणीच नसेल असे दिवस येणार. हौदाला फ्लोट, म्हणजे हौद भरला की पाणी थांबवणारा तरंगता गोळा, असेल तर तो आपोआप भरतो, अडचण राहत नाही. नसेल तर अशी खोली सोडा, कितीही चांगली असली तरी. बोअरचं पाणी असेल तर थोडं पितळी भांड्यात उकळून बघा. तळाशी पांढरा थर बसला तर पाणी जड आहे. ते वापराला चालेल, पण कूलरच्या ताट्या दोन महिन्यांत पांढऱ्या होऊन चोंदतात आणि पंप अडकतो.

कूलरबद्दल थोडं जास्तच सांगतो, कारण इथला मे म्हणजे ४४-४५ अंश, आणि रात्रपाळी करणाऱ्याला झोपायचं असतं ते दुपारी. वरच्या मजल्यावरची, स्लॅबखालची, पश्चिमेला उघडी भिंत असलेली खोली त्याच्यासाठी सर्वांत वाईट. स्लॅब दिवसभर तापतो आणि मध्यरात्र उलटेपर्यंत उष्णता खाली सोडत राहतो. टिनाच्या खोलीत तर दुपारी झोप अशक्यच. तळमजला किंवा मधला मजला, दार-खिडकी पूर्वेला वा उत्तरेला, आणि कूलरच्या समोरच्या भिंतीला दुसरी खिडकी, अशी खोली बघा. ही समोरची खिडकी फार महत्त्वाची आहे. कूलर बाहेरची कोरडी हवा ओली करून आत ढकलतो. ती बाहेर जायला वाट नसेल तर तासाभरात खोली दमट होते, अंग चिकट होतं आणि माणूस म्हणतो कूलर खराब आहे. बंद खोलीत कूलर आतच ठेवून चालवला तर हेच होतं. जूनच्या मध्यानंतर हवेत ओल आली की पंप बंद करून नुसता पंखा चालवायचा.

ताट्या दरवर्षी मार्चमध्ये बदला. वाळ्याच्या महाग पडतात, साध्या लाकडी किसाच्या एका हंगामाला पुरतात. पंप घेताना सोबत सुटा फ्लोटही तपासा.

आणि हे मनापासून सांगतो, कारण विदर्भात दर उन्हाळ्यात यात माणसं जातात. लोखंडी कूलर, ओली फरशी आणि अर्थिंग नसलेलं दोन पिनांचं कनेक्शन हे तिन्ही एकत्र आलं की पंपाच्या वायरचा एक सोललेला तुकडा जीव घ्यायला पुरतो. भाड्याच्या खोलीत सॉकेटला तिसरं छिद्र असतं, पण त्याला मागे वायर जोडलेली असेलच असं नाही. वीजमिस्त्रीला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. घरमालक तयार असेल तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच, बसवा, खर्च अर्धा-अर्धा वाटून घेतला तरी चालेल. पाणी भरताना नुसतं बटन बंद करून भागत नाही, पिन काढायची, पायात चप्पल घालायची, मगच पाइपला हात लावायचा. वायर जोडलेली असेल तर चिकटपट्टीवर विसंबू नका, अखंड वायर टाका.

कूलरच्या टाकीत आणि झाकण नसलेल्या ड्रममध्ये डेंग्यूचा डास वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा दोन्ही पूर्ण रिकामे करून घासायचे. नुसतं पाणी ओतून दिलं तर कडेला चिकटलेली अंडी तशीच राहतात.

विजेचा हिशेब आधीच बोलून घ्या. पंखा आणि पंप मिळून कूलर २०० वॉटच्या आसपास घेतो, दहा तासांना दोन युनिट, महिन्याला साठ. भाऊ दुपारी झोपणार आणि बहीण रात्री, म्हणजे त्याच्या दुप्पटही होऊ शकतं. महावितरणचा घरगुती दर १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा आणि त्यापुढे आणखी चढा. चार खोल्या एकाच मीटरवर असतील तर सगळ्यांचं मिळून बिल वरच्या टप्प्यात जातं, म्हणून मालक सबमीटरवर चढा दर लावतो. त्यात त्याची लबाडी असेलच असं नाही. पण खोलीला महावितरणचा स्वतंत्र मीटर असेल तर थोडं जास्त भाडंही परवडतं. सबमीटर असेल तर राहायला येण्याच्या दिवशी रीडिंगचा फोटो काढून मालकाला पाठवून ठेवा. वीज गेली की तक्रारीसाठी १९१२.

करार अकरा महिन्यांचा, नोंदणी केलेला करा. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे, आणि नोंदणी नसेल तर वादात अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. तरी बरेच मालक टाळतात. तुम्हाला हा कागद आणखी एका कारणासाठी लागू शकतो. बहीण अनुसूचित जाती किंवा नवबौद्ध प्रवर्गातली असेल, उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल आणि शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नसेल, तर स्वाधार योजनेत अमरावतीसारख्या महापालिका क्षेत्रात वर्षाला ५१ हजार रुपये मिळतात. अर्जासोबत ती तिथे भाड्याने राहते याचा पुरावा द्यावा लागतो. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् योजना आहे, ओबीसी-भटक्या विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. खोली ठरवतानाच "करार करून देणार का?" हे विचारा. नंतर विचारलं तर मालक भाडं वाढवतो किंवा नाही म्हणतो.

मेसमध्ये दोन गोष्टी बघा: खाड्याचा नियम आणि रविवारची संध्याकाळ. किती जेवणं सलग चुकली तर पैसे वजा होतात आणि आधी किती तास सांगावं लागतं, हे आधी ठरवा. रविवारी रात्री बहुतेक मेस बंद असतात. भावाच्या दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात डबाच लावावा लागेल. संध्याकाळी आलेला डबा मेमध्ये रात्री अकरापर्यंत टिकत नाही, वरण आधी आंबतं. त्या आठवड्यात पोळी आणि सुकी भाजी मागा. खोलीत एक छोटा गॅस आणि थोडं पीठ-तांदूळ ठेवलं की अर्ध्या अडचणी संपतात.

आता रात्रीचं शहर. संध्याकाळी सात ते दहा हे इथलं खरं रात्रजीवन, आणि ते छान आहे. राजकमल चौक, जयस्तंभ, गांधी चौक, जवाहर गेट या भागात बाजार भरलेला असतो. अंबादेवी आणि एकवीरेच्या दर्शनाला माणसं सहकुटुंब येतात, येताना गिला वडा खातात: दही, आंबट-गोड चटणी आणि वरून तिखट घातलेला मऊ वडा. अमरावतीत राहून तो न खाणं म्हणजे राहणं अर्धवट. उन्हाळ्यात ऊन उतरायलाच सात वाजतात, त्यामुळे गर्दीही तासभर पुढे सरकते. नाटक, गाण्याचे कार्यक्रम संत ज्ञानेश्वर सांस्कृतिक भवनात होतात, मोठी प्रदर्शनं आणि मेळे सायन्सकोर मैदानावर. पब, क्लब असली कल्पना घेऊन येणाऱ्याची निराशा होईल.

दहानंतर दुकानांची शटरं पडू लागतात. कायद्याने दुकानं, हॉटेलं चोवीस तास उघडी ठेवता येतात, २०१७च्या कायद्यात तशी सोय आहे आणि सरकारने ऑक्टोबर २०२५मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं, फक्त दारू देणारी ठिकाणं वगळून. पण गिऱ्हाईकच घरी गेलेलं असतं. अकरानंतर जाग राहते ती बसस्थानकाजवळ, इर्विन म्हणजे जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या समोर, बडनेरा स्टेशनवर आणि नागपूर रोडच्या ढाब्यांवर. रात्री औषध लागलं तर गल्लीतलं मेडिकल शोधत फिरू नका, थेट मोठ्या दवाखान्याकडे जा. रुग्णवाहिकेला १०८, पोलिसांना ११२. शेवटचा सिनेमा साडेबाराच्या सुमारास सुटतो, तेव्हा ऑटो मिळाला तर स्पेशल भाड्यानेच मिळतो. जायच्या आधी यायचं वाहन ठरवा. ढाब्यावर पाळीतली पोरं बसतात तिथे भावाला एवढंच सांगून ठेवा: महाराष्ट्रात बिअरला वय २१ आणि कडक दारूला २५ लागतं, आणि पिऊन गाडी चालवताना पहिल्यांदा सापडलं तरी १० हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

वर्षातून काही रात्री मात्र शहर झोपत नाही. नवरात्रात अंबादेवीचा परिसर रात्रभर भरलेला असतो, गाड्या आत सोडत नाहीत. १३ एप्रिलच्या रात्री बाबासाहेबांच्या जयंतीसाठी इर्विन चौकात माणसांचा समुद्र असतो. या दिवसांत भावाची पाळी असेल तर कारखान्याकडे बाहेरच्या रस्त्याने जा, चौकातून वाट काढायला तास जातो.

रोजच्या मध्यरात्री जागा असतो तो अभ्यास करणारा वर्ग. गाडगेनगर, पंचवटी, कठोरा नाका भागात अभ्यासिका भरपूर, काही रात्रभर चालतात. बहिणीला अभ्यासिका लावायची असेल तर पंखे-खुर्च्या नंतर बघा, आधी तिथून खोलीपर्यंतचा रस्ता रात्री नऊला चालून बघा. दिवे लागतात का, मधे मोकळा प्लॉट किंवा बंद पडलेलं बांधकाम आहे का, कुत्र्यांची टोळी कुठे बसते. मोबाईल कानाला लावून रस्त्याच्या कडेने चालू नये, दुचाकीवरून हिसकावून नेतात. पहाटे चारपासून भरतीची तयारी करणारी मुलं-मुली धावायला निघतात आणि पाचच्या सुमारास पोहे-चहाच्या गाड्या लागतात. रात्रपाळीवरून सातला सुटणाऱ्याला गरम खायला मिळतं ते यांच्यामुळेच.

विद्यापीठाकडचा मार्डी रोड, वडाळी आणि छत्री तलावाचा परिसर संध्याकाळी सुंदर असतो, पण तो पोहरा-मालखेडच्या जंगलाला लागून आहे. विद्यापीठाच्या आवारात आणि त्या बाजूच्या वस्त्यांत बिबट्या दिसल्याच्या घटना झालेल्या आहेत. अंधार पडायच्या आत तिथून निघा आणि पहाटे एकट्याने तिकडे धावायला जाऊ नका.

रात्रपाळीवाल्याच्या खोलीची आणखी एक तपासणी दुपारी करायची. शेजारी मंगल कार्यालय, लॉन, शाळेचं मैदान किंवा पिठाची गिरणी आहे का? रात्री दहानंतर लाऊडस्पीकरला बंदी आहे, पण बँड वाजतो दुपारी बाराला, आणि तेव्हा तक्रार कुठे करणार?

बाहेरगावच्या बहुतेक गाड्या बडनेऱ्याला थांबतात, अमरावती स्टेशन हा टोकाचा फाटा आहे. बडनेरा शहरापासून साधारण दहा किलोमीटर. रात्री दोन-तीनला उतरलात तर प्रतीक्षालयात बसा आणि पाचनंतर सीटवर चालणाऱ्या ऑटोने निघा. पैसेही वाचतात, रस्त्यावर सोबतही असते.

गावाशी संबंध एसटीवर टिकतो. मासिक पासला २० दिवसांचं भाडं भरून ३० दिवस प्रवास होतो, महिलांना मार्च २०२३पासून अर्धं तिकीट आहे, आणि विद्यार्थी पासची सवलत वेगळी. बहिणीने पास काढण्यापूर्वी महिन्यातले किती दिवस खरोखर ये-जा होणार ते मोजावं. शनिवार-रविवारपुरतं गावी जाणार असेल तर अर्धं तिकीटच स्वस्त पडतं. गावची मुक्कामी गाडी अमरावतीहून किती वाजता सुटते आणि पहाटे गावातून किती वाजता निघते, या दोन वेळा आगारात विचारून लिहून ठेवा. तीच चुकली तर दर्यापूरपर्यंत पोचून पुढे अडकायला होतं.

दिवाळीनंतर संक्रांतीपर्यंत भावाने रात्री दुचाकीने गावी येणं टाळावं. वलगाव सोडलं की कापसाच्या गाड्या आणि मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, आणि शेतातून रोही (नीलगाय), रानडुकरं अचानक आडवी येतात. निघावंच लागलं तर वेग चाळीसच्या आत, समोरून गाडी आली की डिपर खाली, आणि ट्रॉलीला ओलांडण्याची घाई नको. दुसरी पाळी करून लगेच तर निघूच नये. पहाटेची एसटी धरून तो सकाळच्या चहापर्यंत गावात पोचतो.